शू सगळ्यात शेवटी: पुढच्या चाकाचं काम कुठून सुरू करावं

पुढचा ब्रेक धरत नाही म्हटलं की बहुतेक ठिकाणी पहिलं काम होतं ते नवे ब्रेक शू टाकण्याचं. चाक काढलं, जुने शू फेकले, नवे चढवले, केबल ओढली, अर्ध्या तासात गाडी बाहेर. आठवडाभर बरं वाटतं. मग लिव्हर पुन्हा मुठीपर्यंत जायला लागतो, नाहीतर ब्रेक दाबला की बोटांखाली ठोके जाणवतात. यात दोष बहुतेक वेळा शूचा नसतो. शू ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतो, ड्रम हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात बसलेला असतो, हब आऱ्यांनी रिमला बांधलेला असतो आणि हा सगळा संसार दोन बेअरिंगवर फिरतो. बेअरिंगच डुगत असेल तर त्याच्यावर मोजलेलं काहीच खरं नसतं. म्हणून कामाचा क्रम आतून बाहेर: ॲक्सल, बेअरिंग, आरे, ड्रम, कॅम (ब्रेक दाबला की फिरून शू उघडणारा तुकडा) आणि मग शू.

इथे डोळ्यांसमोर आहे ती आपल्याकडे गावोगाव दिसणारी १०० सीसीची स्प्लेंडर: पुढे १३० मिमीचा ड्रम, १८ इंची रिम, ३६ आरे. याच घडणीच्या इतर गाड्यांनाही हेच लागू पडतं, फक्त मापं ज्या त्या गाडीची घ्यायची.

चाक काढण्याआधी दोन तपासण्या. गाडी मेन स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. चाक वर आणि खाली धरून आडवं हलवायचं. टकटक लागली की लगेच बेअरिंग गेलं म्हणू नये. फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे ओढून पाहावेत. तिथे टकटक असेल तर प्ले (सैलपणा) कोनसेटचा, म्हणजे हँडलच्या मानेतल्या बेअरिंगचा आहे आणि ते काम वेगळं. मग ब्रेक पूर्ण दाबून कॅमच्या दांड्यावरचा बाण पाहायचा. तो पॅनेलवरच्या, म्हणजे शू ज्यावर बसतात त्या झाकणावरच्या खुणेला भिडला असेल तर लायनर (शूवरचा घासणारा थर) संपलं. ही खूण केवळ लायनर किती उरलं हे सांगण्यापुरती नाही. लायनर फार पातळ झालं की शू ड्रमला भिडवायला कॅमला जास्त फिरावं लागतं. तो उभा होऊन पलटला, तर शू परत मिटतच नाहीत आणि पुढचं चाक चालत्या गाडीत जाम होतं. बाण खुणेवर आल्यावर केबल आणखी ओढून गाडी चालवणं म्हणूनच धोक्याचं.

चाक काढताना स्पेसर कोणत्या बाजूला होता ते खडूने लिहून ठेवावं. ड्रममधली काळी पूड कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती पूड फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, तोंडाला मास्क लावावा. फडकं दुसऱ्या कामाला वापरू नये.

ॲक्सल आधी पुसून काचेवर लोळवावा. वाकडा असेल तर खालून उजेड उघडझाप करताना दिसतो. व्ही-ब्लॉक (ॲक्सल टेकवायचा खाचेचा ठोकळा) आणि डायल गेज (वाक मोजणारं काट्याचं माप) असेल तर ०.२ मिमीच्या वर वाकलेला ॲक्सल बाद. ठोकून सरळ करू नये, वेल्डिंगने भरूही नये. नव्या ॲक्सलची किंमत या दोन्हीपेक्षा कमी पडते.

या चाकात ६३०१ नंबरचे बेअरिंग बसतात: आतला व्यास १२, बाहेरचा ३७, जाडी १२ मिमी. दोन बेअरिंगच्या मधोमध एक नळी असते, डिस्टन्स कॉलर. ती पितळी दांड्याने किंचित बाजूला सारली की आतल्या रिंगची कड उघडी पडते. तिथे चारी बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके द्यावेत. एकाच बाजूला ठोकलं की बेअरिंग तिरकं होतं आणि ॲल्युमिनियमच्या हबमधलं भोक ओरबाडून बाहेर येतं. बहुतेक ढिले हब झिजून नाही, असेच खराब होतात. हब शेगडीवर साधारण १०० अंशांपर्यंत तापवला, म्हणजे पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र होईल इतका, तर ३७ मिमीचं भोक सुमारे सहा शतांश मिमी मोठं होतं आणि जुनं बेअरिंग दोन ठोक्यांत सुटतं. ऑइल सील मात्र आधी काढून ठेवायचं.

नवं बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग बाहेरून जराशी घासून घेतली तर ठोकायला उत्तम साधन होते. एक बाजू पूर्ण तळाशी बसवायची, मग कॉलर आत, मग दुसरी बाजू फक्त कॉलरला टेकेपर्यंत. दुसरीकडचा शेवटचा टप्पा फार महत्त्वाचा. कॉलर विसरली किंवा तिची टोकं झिजून ती आखूड झाली असली तर ॲक्सलचा नट आवळला की दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे दाबल्या जातात. गोळ्यांवर बाजूने दाब येतो आणि नवं बेअरिंग काहीशे किलोमीटरांत आवाज करू लागतं. "बेअरिंग डुप्लिकेट निघालं" असं म्हणण्याआधी ही कॉलर पाहावी.

बेअरिंग हाताने सहज आत जात असेल तर हबचं भोक मोठं झालेलं आहे. भोकाच्या कडेला छिन्नीने डॉट मारून बेअरिंग अडकवायची पद्धत सगळीकडे दिसते. ती टिकत नाही, कारण बेअरिंग तीन-चार टोकांवर लटकतं आणि मध्यबिंदू सरकतो. गॅप एक दशांश मिमीच्या आत असेल तर रिटेनिंग कंपाउंड (फटीत घट्ट होणारा चिकट द्रव) लावून चोवीस तास ठेवावं. त्याहून जास्त असेल तर भोक बोअर करून दीड-दोन मिमी जाडीची स्लीव्ह (धातूची नळी) भोकापेक्षा तीन ते पाच शतांश मिमी मोठी ठेवून दाबून बसवावी आणि आतलं माप स्लीव्ह बसवल्यानंतर घ्यावं. आधी घेतलं तर दाबाने ते बदललेलं असतं.

आता आरे. चाक स्टँडवर लावून प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकं टिचकावं. ताणलेला आरा टण्ण वाजतो, ढिला थड् करतो. निपलवर, म्हणजे आऱ्याच्या रिमकडच्या नटावर, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं असेल तर सकाळी निपलचे कोपरे गोल होत नाहीत. चाकात दोन प्रकारचा दोष असतो: उडी, म्हणजे रिम वर-खाली होणं, आणि आऊट, म्हणजे डावी-उजवीकडे जाणं. आधी उडी काढायची, मग आऊट. उलट केलं तर उडी काढताना आऊट परत येतो. उडीसाठी समोरासमोरच्या दोन्ही बाजूंचे आरे मिळून ओढायचे. आऊटसाठी एका बाजूचा पाव फेरा आवळला की शेजारचा दुसऱ्या बाजूचा पाव फेरा सोडायचा, एका वेळी अर्ध्या फेऱ्याच्या वर कधीच नाही. दोन्ही दिशांना २ मिमी ही वापराची मर्यादा असते. पण काम हातात घेतलंच आहे तर एक मिमीच्या आत आणावं. निपलबाहेर आलेलं आऱ्याचं टोक कानशीने घासून टाकायचं आणि नवी रिम टेप लावायची, नाहीतर तिथेच पंक्चर. कोकणासारख्या दमट हवेत रिम आतून गंजून खड्डे पडलेले असतात. क्रोम बाहेरून चकचकीत असला तरी टेप काढून आत पाहावंच.

आता कळेल की ड्रमचं काम आऱ्यांनंतर का. ३६ आरे हबला चारी बाजूंनी ओढत असतात. ओढ असमान असेल तर ॲल्युमिनियमचा हब आणि त्यातली बिडाची रिंग दोन्ही किंचित लंबगोल होतात. लेथवर गोल केलेल्या ड्रमचे आरे नंतर आवळले तर ड्रम पुन्हा ओव्हल. म्हणून टायर काढावा, आरे पूर्ण ताणून ठेवावेत, नवे बेअरिंग आत असावेत आणि त्यांच्याच मध्यावर चाक धरून टर्निंग करावं, म्हणजे लेथवर ड्रम आतून कापून गोल करावा. चाक फिरवणारा रेटा हबला द्यावा, आऱ्यांना नव्हे. १८ इंची रिमचा बाहेरचा व्यास ४८-४९ सेंटीमीटर भरतो, तेव्हा गॅप बेडचा (मोठ्या व्यासाला जागा देणारा) मोठा लेथ असलेला टर्नर शोधावा लागतो. लहान लेथवाला रिम चकमध्ये पकडून काम करून देतो म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावं.

ड्रम व्हर्नियरने किमान चार दिशांना मोजावा. नवा १३०, आणि १३१ ही हद्द. हबवर ती ओतीवच लिहिलेली असते. या एका मिलिमीटरमध्येच सगळं बसवायचं आहे. एका वेळी दहावा हिस्सा मिमी कट, कोरडा, आणि ओरखडे गेले की थांबायचं. नुसती चकाकी आली असेल तर लेथची गरज नाही, ८० नंबरचा पॉलिश पेपर आडवा-तिरपा फिरवला की पुरे. आतल्या कडेला राहिलेली धार मात्र काढावीच, कारण नवा शू तिच्यावर चढून बसतो आणि मधला भाग ड्रमला टेकतच नाही.

पॅनेलवर कॅमचा दांडा हाताने हलवून पाहावा. बुशमध्ये, म्हणजे कॅम ज्या भोकात फिरतो तिथे, प्ले असेल तर शू तिरके उघडतात आणि लायनर एका कडेला जास्त झिजतं. जुने शू फेकण्याआधी तेवढं पाहून घ्यावं, रुंदीत तिरकी झीज म्हणजे दोष बुशचा किंवा वाकलेल्या पिनचा. दोन शूंपैकी एक जास्त झिजणं मात्र ठीक. फिरता ड्रम ज्या शूला आपल्याकडे ओढून घेतो तो जास्त काम करतो. कॅम काढण्याआधी त्यावरची आणि दांड्यावरची डॉटची खूण पाहून ठेवावी. गंज काढून, कॅमचे सपाट भाग बारीक पेपरने गुळगुळीत करून, जास्त तापमानाचं ग्रीस फक्त पुसल्यासारखं लावावं, कॅमला आणि अँकर पिनला (शूची दुसरी टोकं जिच्यावर टेकतात ती). फेल्टची रिंग तेलात भिजवून बसवावी. याच बाजूला स्पीडोमीटरचा गिअर असतो. त्यात ग्रीस कोंबून भरलं आणि सील जुनंच ठेवलं तर गरम झाल्यावर ते ड्रममध्ये उतरतं. ग्रीस प्यालेला शू धुऊन, भाजून, कशानेही परत येत नाही.

आणि आता शू. नव्या शूची गोलाई १३० मिमीला धरून केलेली असते. टर्निंगनंतर ड्रम १३०.६ झाला असेल तर शू फक्त मधोमध टेकतो, लिव्हर स्पंजसारखा लागतो. ड्रमच्या आत खडू फिरवावा, पॅनेल बसवून चाक हाताने फिरवत हलका ब्रेक लावावा, मग उघडून पाहावं. जिथे खडू लागला तो उंचवटा कानशीने उतरवायचा. लायनरची निदान दोन तृतीयांश लांबी टेकेपर्यंत हे तीन-चार वेळा करावं लागतं. दोन्ही टोकांना थोडा उतार दिला की चीं चीं आवाज येत नाही. शूच्या कॅमकडच्या टोकाला पत्र्याची पट्टी दुमडून बसवून झिजलेलं लायनर आणखी चालवायचा जुगाड कोणी सुचवला तर करू नये. पट्टी निसटली की ती शू आणि ड्रमच्या मध्ये जाते. जुन्या बुलेट किंवा येझदीचे शू मिळत नाहीत तेव्हा मूळ शूवर नवं लायनर चढवून घ्यावं, थोडं जाड मागून घ्यावं आणि टर्निंग केलेल्या ड्रमच्या मापाला घासून बसवावं. ते काम खऱ्या अर्थाने चांगलं होतं.

जुळवताना एक गोष्ट दोनदा पाहावी: पॅनेलवरची खाच फोर्कच्या पायावरच्या उंचवट्यावर बसली आहे का. ती बसली नसेल तर पहिल्याच जोरदार ब्रेकला अख्खं पॅनेल चाकाबरोबर फिरतं. स्पीडोमीटर गिअरचे कान हबच्या खाचेत गेले आहेत हेही हाताने चाचपावं. मग ॲक्सलचा नट हलका ठेवून चाक फिरवायचं, लिव्हर करकचून दाबून धरायचा आणि तसाच धरलेला असताना नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळायचा. त्याने पॅनेल ड्रमच्या बरोबर मध्यावर येतं. ही एक मिनिटाची गोष्ट केली नाही तर वरची सगळी मेहनत अर्धी वाया.

लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी मोकळी हालचाल ठेवावी. पूर्ण ब्रेक लागलेला असताना केबल आणि कॅमचा दांडा यांत जवळपास काटकोन असावा. कोन फार उघडा असेल तर दांडा कॅमवर एक दाता मागे घ्यावा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एकत्रित ब्रेक असेल तिथे मागचं पेडल दाबल्यावर पुढचाही ब्रेक लागतो. तेव्हा पेडल सोडल्यावर पुढचं चाक मोकळं फिरतं का, हे वेगळं तपासावं.

पुढे डिस्क असेल तर बेअरिंगपर्यंतचं काम तेच, पुढचं निराळं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याखाली गेली की बदलायची, लेथवर द्यायची नाही. कॅलिपरचा (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पकडीचा) पिस्टन परत मागे नेतो तो चौकोनी छेदाचा सील. त्याच्या खाचेत मळ साचला की ब्रेक चावून राहतो. खाच लाकडी काडीने साफ करावी आणि सगळं फक्त ब्रेक फ्लुइडने धुवावं. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल लागलं की ते रबर फुगतं. डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. नवं २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यालेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं, आणि घाटात उतरताना लिव्हर अचानक पोकळ लागतो तो यामुळे. दोन वर्षांनी बदलावं, दिसायला स्वच्छ असलं तरी.

नव्या शूंना पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सांभाळून चालवावं. मोकळ्या रस्त्यावर तीसवरून दहावर, मध्यम दाबाने, दहा-पंधरा वेळा, मध्ये थोडं थंड होऊ देत. सुरुवातीलाच जोरात, सलग ब्रेक लावले तर लायनरवर काचेसारखी चकाकी येते. तीनशे किलोमीटरला चाक पुन्हा उचलावं. नवे ओढलेले आरे तोवर थोडे सैलावलेले असतात आणि केबलही दोन-तीन मिमी उतरलेली असते.