तुम्ही विचारलंत म्हणून: उन्हाळा सोसला, मग पावसाळ्यातच मुरूम का?

पालकसभेत मुलीच्या गुणांविषयी बोलून झाले की काही आया दाराशी रेंगाळतात आणि आवाज उतरवून एकच प्रश्न विचारतात. मे महिन्यात जळगावचा पारा 45 अंशांवर होता तेव्हा पोरीचा चेहरा बरा होता; मग पाऊस पडला, हवा जरा निवली आणि नेमक्या तेव्हाच कपाळभर पुळ्या कशा उठल्या? अंगातली उष्णता आता बाहेर पडते आहे का? अमळनेरकडच्या एका बाईंनी तर आडवळण न घेता, "मॅडम, तुम्ही तोंडले काय लावतस?" (तोंडाला काय लावता?) असेच विचारले. मला विचारण्याचे कारण उघड आहे. मी जीवशास्त्र शिकवते, आणि माझा बत्तिसाव्या वर्षापर्यंतचा चेहरा शाळेतल्या जुन्या मंडळींनी पाहिलेला आहे. मी डॉक्टर नाही. पुढे लिहिले आहे ते माझ्या त्वचेवर घडलेले, आणि नंतर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून व वाचून समजून घेतलेले आहे.

आपल्या खानदेशात उन्हाळे दोन असतात, असे मी मुलींना सांगते. मार्च ते मे हा कोरडा उन्हाळा. दुपारी हवेतली आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते, दोरीवर टाकलेले धुणे चहा होईपर्यंत वाळते, आणि घाम येतो पण दिसत नाही, कारण तो बाहेर पडताच उडून जातो. मागे ब्लाउजच्या पाठीवर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. दुसरा उन्हाळा जूनच्या मध्यापासून सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. पारा तेहतीस-चौतीसवर आलेला असतो, परंतु सकाळची आर्द्रता अनेकदा 80 टक्क्यांच्या वर जाते, घाम निथळत राहतो, आणि रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत तासभर काम केलेला माणूस बाहेर येतो तो जणू नुकताच नहाऊन आल्यासारखा. लोक तापमान मोजतात आणि ओल विसरतात, आणि पावसाळ्यातल्या मुरमांचे कोडे पडते ते तिथेच.

त्वचेतले तेल दोन्ही उन्हाळ्यांत तयार होत असते. त्वचेचे तापमान 1 अंशाने वाढले की तेल बाहेर पडण्याचा वेग सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो, असे 1970 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले होते. म्हणजे मे महिन्यात आपल्या चेहऱ्यावरचा तेलघाणा जोरात चालू असतो. हे तेल केसाच्या मुळाशी असलेल्या नळीतून वर येते. त्याच नळीच्या भिंतीवरच्या मृत पेशी सुट्या होऊन बाहेर न पडता तेलात चिकटून राहिल्या की आतल्या आत बुच तयार होते, जे अजून डोळ्यांना दिसत नाही. त्या बंद जागेत त्वचेवर एरवी निमूट राहणारे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजते, आणि लाल, दुखरी पुळी उठते. बुच बसल्यापासून पुळी दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. पावसाची वाट न पाहता आपले शेतकरी कापसाची धूळपेरणी करतात, तशी जुलैतल्या पुळीची पेरणी मे महिन्याच्या धुळीतच झालेली असते. ओली हवा आली की नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी पाणी पिऊन भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगतात, आधीच अरुंद असलेले तोंड आणखी आवळते, आणि सगळे शेत एकदम उगवून वर येते. दुसऱ्या महायुद्धात उष्ण व दमट प्रदेशांत पाठवलेल्या सैनिकांच्या पाठीवर आणि छातीवर इतके भयंकर मुरूम येत, की त्या प्रकाराला 'ट्रॉपिकल ॲक्ने' असे वेगळे नावच पडले. तिथे कुणाच्या रक्तात बिघाड नव्हता आणि आपल्या मुलींच्याही नाही.

हे समजण्याआधी मी जे केले ते सांगण्यासारखे नाही, तरी सांगते. तेल म्हणजे मळ, अशी माझी पक्की समजूत असल्यामुळे मी दिवसातून सहा वेळा अंघोळीच्या साबणाने तोंड धूत असे. आमच्या घरी बोअरचे पाणी; बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरा खरवडून काढावा लागणारा थर. अशा जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी जुळला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि तो बादलीला बसतो तसाच गालावरही बसतो. शिवाय साधा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) 9 ते 10 असतो, आणि त्वचेला सवय 5 च्या आसपासची. परिणामी माझा चेहरा एकाच वेळी तेलकट आणि सोललेला दिसे. मुलतानी मातीने तर मे महिन्यात ओठांच्या कडा फाटल्या. लिंबू लावून उन्हात गेल्यावर काय होते याचा डाग हनुवटीखाली वर्षभर होता. आता मी सकाळी आणि रात्री, असा दोनदाच, सौम्य फेसवॉशने चेहरा धुते. घामाने निथळून आल्यावर मध्ये नुसत्या पाण्याने.

खरी फजिती मात्र चुलत भावाच्या लग्नात झाली. हळदीला पंधरा दिवस उरले होते. औषधाच्या एका दुकानात चेहरा दाखवला, आणि काउंटरवरच्या माणसाने "हे लावा, आठ दिवसांत फरक" म्हणून लहानशी ट्यूब पुढे केली. फरक खरोखर पडला. लग्नात काकू, आत्या, मामी सगळ्यांनी विचारून घेतले, आणि मी अभिमानाने दोघींना तीच ट्यूब आणवून दिली, याची मला आजही लाज वाटते. तीन महिन्यांनी ट्यूब संपली, चार दिवस लावणे चुकले, आणि चेहऱ्याने पेट घेतला. गाल लालबुंद, चुलीजवळ गेले की आग, एकाच आकाराच्या बारीक पुळ्यांचे पीक, आणि कानाजवळ आधी नव्हती ती लव. ट्यूब लावली की शांत, थांबवली की पुन्हा भडका. त्वचारोगतज्ज्ञांनी रिकामी ट्यूब भिंगाखाली धरून मला बारीक अक्षरातले नाव वाचायला लावले: स्टेरॉइड. त्यातून बाहेर पडायला सात महिने लागले. अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास 2018 साली केंद्र सरकारने मनाई केली, तरी गोरेपणाच्या किंवा डाग घालवण्याच्या नावाखाली ती हातोहात फिरत असतात. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव ट्यूबवर असेल तर ती मुरमांवर लावायची वस्तू नाही. आणि आधीच लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जा.

मग मी काय लावते? डॉक्टरांनी लिहून दिलेले 0.1 टक्के ॲडॅपलीन रात्री, वाटाण्याएवढे, पूर्ण चेहऱ्यावर. नुसत्या पुळीवर नव्हे, कारण ते नळीत बुच बसू नये म्हणून असते आणि बुच कुठे बसते आहे हे आपल्याला दिसत नाही. सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड, 2.5 टक्क्यांचे. 10 टक्क्यांचे जास्त गुणकारी असेल असे वाटते, पण परिणाम जवळजवळ तेवढाच आणि जळजळ मात्र जास्त. हे औषध जिवाणू मारते आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत. म्हणूनच क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक जेल एकटे महिनोन्महिने लावू नये, त्याच्या जोडीला हे असावे. बेंझॉइल पेरॉक्साइडचा एक उपद्रव कुणी आधी सांगत नाही: ते कापडाचा रंग खाते. माझ्या मरून टॉवेलवर तोंड पुसण्याच्या जागी नारिंगी ढग उमटले आहेत, उशीच्या निळ्या अभ्र्यावर गालाचा फिकट ठसा आहे, आणि सासूबाईंनी हे ब्लीचिंग पावडरचे काम समजून धुणेवालीला बोल लावला होता. आता टॉवेल व अभ्रे पांढरे आणले आहेत.

या दोन्ही औषधांना 8 ते 12 आठवडे द्यावे लागतात आणि पहिल्या महिन्यात चेहरा थोडा बिघडूही शकतो. हिशेब तुम्हीच करा. ऑगस्टमध्ये पुळ्या पाहून सुरुवात केली तर फळ दिवाळीला, जेव्हा हवा तशीही कोरडी होते. मग लोक हिवाळ्यात ट्यूब फेकून देतात आणि पुढच्या जुलैत पुन्हा दाराशी रेंगाळतात. ज्यांना दर पावसाळ्यात त्रास होतो त्यांनी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास, चेहरा बरा असताना, सुरुवात केलेली असावी. अडचण एवढीच की त्या दिवसांतल्या कोरड्या झळांत ॲडॅपलीन त्वचा सोलून काढते. म्हणून मी तेव्हा ते एक दिवसाआड लावते आणि आधी बिनतेलाचे मॉइश्चरायझर लावते. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न मीही विचारला होता. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात आपल्या त्वचेला तेल उदंड असते आणि पाणी नसते.

औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते ते स्कार्फचे. आपल्याकडे स्कूटीवर बसलेल्या मुलीचे डोळे तेवढे दिसतात, बाकी सारे स्टोलमध्ये. उन्हासाठी ते ठीकच आहे. पण जुलैत तोच सिंथेटिक स्टोल घामाने ओला होऊन जबड्यावर तासभर घासतो, डिकीत कोंबला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच पुन्हा गुंडाळला जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या पुळ्या कानापासून हनुवटीपर्यंत ओळीने होत्या, जिथे गाठ येते तिथे सगळ्यात जास्त. सुती, मऊ, तीन स्टोल आणि रोज धुणे, एवढ्याने तिची ओळ बरीच विरळ झाली. केसांच्या रेषेलगत बारीक पुरळ असेल तर मात्र खोबरेल तेलाकडे पाहा. रात्री चपचपून लावलेले तेल घामाबरोबर कपाळावर उतरते. तेल लावायचेच असेल तर नहाण्याआधी तासभर.

शेवभाजीच्या तर्रीवर सगळे खापर फोडले जाते, पण मुरमांशी संबंध जास्त दिसतो तो रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याचा आणि काही जणांत दुधाचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सोडण्याचे तर काहीच कारण नाही.

पावसाळ्यात मुरूम वाटणारे सगळेच मुरूम नसतात. कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारखे बारीक दाणे असतील आणि ते खाजत असतील, तर ती बहुधा त्वचेवरच्या यीस्टची करामत असते. त्याला बुरशीविरोधी औषध लागते आणि प्रतिजैविकाने ते उलट वाढते. घामोळे आणखी वेगळे, ते घामाच्या नळीचे. तिन्हींना एक उपाय लागू पडतो, तो म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर कूलरचे पाणी बंद करणे. मे महिन्यात वाळ्याच्या पडद्यातून येणारी ती गार हवा जुलैत खोलीत नुसती ओल भरते, आणि आपण रात्रभर त्यातच झोपतो.

पुळी गेली तरी आपल्या सावळ्या त्वचेवर काळा डाग महिनोन्महिने राहतो, आणि ऊन तो गडद करते. म्हणून ढगाळ दिवसांतही जेलसारखे, एसपीएफ 30 किंवा जास्तचे सनस्क्रीन, चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीएवढे. चिमूटभर लावून उपयोग नाही.

दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडू लागले असतील, पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर घरी प्रयोग करत बसू नका. गर्भवतींनी ॲडॅपलीन लावू नये. त्यांच्यासाठी ॲझेलेइक ॲसिडसारखे पर्याय डॉक्टर देतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गंभीर मुरमांवर उत्तम आहेत, परंतु गर्भाला त्यांनी मोठी इजा होते, त्यामुळे त्या कुणाच्या उरलेल्या पाकिटातून घ्यायच्या नसतात. अमळनेरच्या त्या बाईंना मी माझ्या डाव्या गालावरचे दोन खड्डे जवळून दाखवले. एक नखाने फोडलेल्या पुळीचा आहे आणि दुसरा त्या ट्यूबनंतरचा.