पिनहोल सेन्सरपासून लांब नेल्यावर

लेन्सऐवजी कॅमेऱ्याच्या बॉडी कॅपमध्ये, म्हणजे तोंडावरच्या झाकणात, सुईएवढं भोक (पिनहोल) पाडून फोटो काढायचं माझं काम आतापर्यंत ४६.५ मिमीवर चाललं होतं. निकॉनच्या एफ माउंटपासून, म्हणजे लेन्स अडकते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचं अंतर एवढंच, त्यामुळे कॅपवर भोक बसवलं की फोकल लेंथही साधारण तेवढीच मिळते. आता मधे ३६ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब (बिनकाचेची पोकळ नळी) घालून भोक ८२.५ मिमीवर नेलंय. डिजिटलवर पिनहोल करणाऱ्या प्रत्येकानं ही वाट धरून बघावी असं मला मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी ४६.५ मिमीचा हिशेब. लॉर्ड रॅले यांनी १८९१ मध्ये पिनहोलवर जो निबंध लिहिला, त्यावरून आपण सगळे वापरतो तो नियम येतो: फोकल लेंथ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.०००५५ मिमी धरली की ४६.५ ला ०.३ मिमी येतं. मी ०.२, ०.२५, ०.३ आणि ०.४ अशी भोकं पाडून समोरच्या वाड्याच्या कौलांवर कॅमेरा रोखला. ०.४ ला कौलांच्या ओळी एकमेकींत मिसळतात. ०.२ ला चित्र काळोखं होतंच, वर विवर्तनानं, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्यानं, पुन्हा मऊ पडतं. ०.२५ आणि ०.३ मध्ये फारसा फरक नाही, ०.२५ ला कौलांच्या कडा थोड्या बऱ्या दिसतात, पण काळा-पांढरा उठाव ०.३ ला चांगला. म्हणजे भोक बारीक करत जाऊन या अंतरावर आणखी काही हाती लागणार नाही.

मग तपशील येणार कुठून? अंतर दुप्पट केलं की योग्य भोक दुप्पट होत नाही, वर्गमुळाच्या हिशेबानं १.४ पटच मोठं होतं. चित्र मात्र सरळ दुप्पट मोठं होतं. म्हणजे त्याच इमारतीत १.४ पट जास्त तपशील. फोर बाय फाइव्ह इंचांच्या मोठ्या फिल्मवरची पिनहोल चित्रं आपल्याला इतकी देखणी वाटतात त्याचं मोठं कारण हेच आहे. आपला सेन्सर लहान, त्यामुळे भोक लांब नेलं की दृश्याचा तुकडाच मिळतो. ते तुकडे जोडायचे. ८२.५ मिमीवर एपीएस-सी सेन्सरला (फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान) आडवे जेमतेम १६ अंश दिसतात. एक तृतीयांश ओव्हरलॅप ठेवून सहा फ्रेम घेतल्या की सुमारे ७० अंश भरतात. १८ मिमीवर मिररलेसच्या कॅपमध्ये भोक पाडून एका फ्रेममध्ये साधारण तेवढंच दृश्य मिळतं, पण तपशील निम्म्याहून कमी, आणि कोपरे जवळजवळ दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) काळे पडतात.

८२.५ ला भोक हवं ०.४ मिमी. पत्रा मिळाला आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात. मशीन शॉपमध्ये फटी भरायला पितळी शीम वापरतात, तिचा ०.०५ मिमीचा तुकडा आपल्याला अगदी योग्य. लेथवर बॉडी कॅपला मधोमध मोठं भोक घेतलं, तेव्हा मिस्त्रींनी शीम बोटावर धरून बघितली आणि म्हणाले, "ह्याला ड्रिल लावू नका, सुईनंच हळूहळू करा. बर्र निघंल न्हाईतर." अगदी खरं, बर्र म्हणजे भोकाच्या कडेला राहणारी धातूची कुसळं. सुईचं टोक टेकवून नुसता फुगवटा आणायचा, उलट्या बाजूनं १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर तो घासून काढायचा, पुन्हा सुई, पुन्हा पेपर. कड स्वच्छ झाली की थांबायचं. मापायला फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो: २४०० डीपीआयला ०.४ मिमीचं भोक ३८ पिक्सेल भरतं, आणि गोलाईही लगेच कळते. १९१८ मध्ये बाबूराव पेंटरांनी याच गावात देशी मूव्ही कॅमेरा घडवला होता. लेथच्या आवाजात उभं राहून कॅमेऱ्याचा भाग तयार होताना बघायला मला म्हणूनच फार आवडतं.

एफ/२०६ ला (अंतर भागिले भोक) व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार आणि मीटरचा भरवसा नाही. सोपा उपाय: आयएसओ ६४०० ला आधी चाचणीचा फोटो काढायचा. तिथे १/४० सेकंद बरोबर आलं तर आयएसओ १०० ला ६४ पट, म्हणजे १.६ सेकंद. स्वच्छ उन्हात नेमकं हेच येतं. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर बांधून टाका, नाहीतर प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगाचा येईल.

विषय घेतला रंकाळा तलाव. टॉवरच्या बाजूनं सकाळी पलीकडच्या शालिनी पॅलेसवर समोरून ऊन असतं, आणि कमानी, मनोरा, माडांची रांग यांपेक्षा चांगली कसोटी आपल्या गावात मला तरी माहीत नाही. कमानी सुट्या सुट्या दिसल्या! ४६.५ वर त्या जागी एक करडा पट्टा यायचा. झावळ्या वाऱ्यानं पसरल्या आहेत, आणि मला तो पसरटपणा हवाच आहे. पाण्याची धास्ती होती, कारण दोन फ्रेममधल्या लाटा जुळणार कशा? पण १.६ सेकंदांत लाटा आपोआप सपाट होतात आणि सांधा शोधूनही सापडत नाही. काठावरचा कठडा मात्र फ्रेमबाहेर ठेवा. ट्रायपॉडचा अक्ष भोकाच्या बरोबर खाली नसेल तर जवळच्या वस्तू जुळत नाहीत.

जोडणी ह्यूजिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. लेन्सची माहिती फाइलमध्ये नसते, म्हणून ८२.५ आणि क्रॉप १.५ हातानं भरायचं. चित्र मऊ असल्यामुळे जुळणीचे बिंदू आपोआप थोडेच सापडतात, उरलेले मनोऱ्याच्या कोपऱ्यांवर हातानं ठेवले. भोकाला विकृती नसते, सरळ रेघ सरळच राहते, त्यामुळे एकदा बिंदू बसले की जोड पक्की. शेवटी चित्र बरंच लहान करा. २४ मेगापिक्सेल इथे नुसतं ओझं आहे.

धूळ हा खरा शत्रू. एवढ्या लहान अ‍ॅपर्चरला सेन्सरवरचा प्रत्येक कण आभाळात ठिपका होऊन उमटतो, आणि सहा फ्रेममध्ये तोच ठिपका सहा वेळा. उसाच्या हंगामात पाचटाची काजळी हवेत तरंगत असते, तेव्हा कॅप आणि ट्यूब घरातच बसवून निघा. आधी पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून बघा, मग ब्लोअर.

पुढचा टप्पा १२, २० आणि ३६ च्या तिन्ही ट्यूब एकत्र लावण्याचा: ११४.५ मिमी, भोक ०.४८, एफ/२४० च्या आसपास, उन्हात सव्वादोन सेकंद. एवढ्या लांब नळीत आतून चकाकी येते, म्हणून आत काळा मखमली कागद लावतोय. कुणी फुल फ्रेमवर हेच करत असेल तर भोकाचं माप आणि एक मूळ, न जोडलेली फ्रेम जरूर दाखवा. पंचगंगा घाटावरच्या दीपमाळा पाणी उतरल्यावर याच जोडणीनं घ्यायच्या आहेत, आणि तिथे पायऱ्या अगदी जवळ असल्यामुळे भोक ट्रायपॉडच्या अक्षावर आणणारी सरकती पट्टी आधी उद्यमनगरातून करून घ्यावी लागेल.