उसनी हळद कोण देतंय?

एम.एस्सी. गणिताच्या पोरांना मी वित्तीय गणित शिकवतो. प्रवेशाला येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला: "सर, ह्यानं बँकेत लागंल का?" लागेल, पण काउंटरवर नव्हे, असं मी सांगतो. बँकेचा जोखीम विभाग आहे, विमा कंपनीतलं ॲक्च्युअरीचं, म्हणजे जोखीम मोजून हप्ते ठरवायचं काम आहे (त्याच्या परीक्षा वेगळ्या, आणि त्या संपता संपत नाहीत), मुंबईत ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावानं पुढं घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काच्या, किमती काढणारी माणसं लागतात. यातलं सांगलीत फक्त विम्याचं पटतं, तेही ओळखीचा एजंट असतो म्हणून.

मार्चात सात-आठ जणांना घेऊन वसंतदादा मार्केट यार्डात गेलो. हळदीचा हंगाम, सौदे नुकतेच आटोपलेले. ओळखीच्या अडत्यानं पोत्यातलं हळकुंड काढून कट्‌कन मोडलं, आतला नारिंगी रंग उन्हात धरून दाखवला आणि बोलता बोलता सांगून गेला की एका शेतकऱ्याला त्यानं शब्द दिलाय. आज भाव 12,000. माल तीन महिने ठेव. पडला तरी बारा हजारानं पट्टी करतो, वाढला तर वाढीव तुझं. त्याबद्दल क्विंटलला 300 रुपये आधीच घेतलेत.

म्हणजे चक्क पुट ऑप्शन, ठरल्या भावानं विकायचा हक्क! 1952 च्या कायद्यानं मालावरच्या ऑप्शनला देशात बंदी होती, वायदेबाजारात सोन्याचा पहिला ऑप्शन आला तो 2017 साली. इथं मात्र तोंडी बोलीवर काम चाललेलं.

तासाला कधी तोंड न उघडणारी एक मुलगी पोत्यावर वही टेकून बसली. "काका, तीन महिन्यांनी भाव काय असेल?"

"चढला तर पंधरा. नाहीतर दहा."

व्याज आणि साठवणुकीचा खर्च तिनं बाजूला ठेवला. दहावर आला तर काकांचे 2,000 जाणार, पंधरावर गेला तर काहीच नाही. दोन भावांत अंतर 5,000. 2,000 ला 5,000 नं भागलं की 0.4. म्हणून आज 0.4 क्विंटल हळद उसनी घेऊन विकायची, 4,800 हाती येतात. त्यात शेतकऱ्याकडून 1,200 घेतले की झाले 6,000. भाव पंधरा झाला तर उसनी हळद परत करायला बरोबर सहा हजार लागतात. दहा झाला तर चार हजारांत भागतं, उरलेले दोन शेतकऱ्याला.

"तुम्ही तीनशेच घेतलेत, काका. बाराशे पायजे होते."

"चढायची शक्यता किती, ते तर इचारलंच न्हाईस."

"ती लागतच नाही."

मी मनात उड्या मारत होतो. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांचं 1979 चं द्विपद मॉडेल (भाव एकतर इतका चढेल नाहीतर इतका पडेल, एवढंच धरून ऑप्शनची किंमत काढणारं), एका पायरीचं, हळदीच्या पोत्यावर! वर्गात हेच समजवायला मला दोन तास लागतात.

अडत्यानं वही हातात घेतली. पानावर पिवळी बोटं उमटली. "हिशेब चोख हाय. पण उसनी हळद कोण देतंय, पोरी?"

"मग वायदा विकायचा, पुढच्या तारखेची विक्री आजच्या बोलीवर," मागून कुणीतरी म्हणालं.

"वायद्याचा लॉट पाच टनांचा. ह्याचा माल आठ क्विंटल. आणि बारा वर्सं माझ्याच पेढीवर घालतोय, त्याच्याकडनं बाराशे घेऊ व्हय?"

यावर माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

परतताना वडापमध्ये दाटीनं बसलो होतो. ती मांडीवर वही घेऊन काहीतरी भागत होती. विश्रामबागला उतरताना म्हणाली, "सर, आठ क्विंटलामागं 3.2 विकायचे, म्हणजे सोळा शेतकरी. तेवढे जमवले तर एक लॉट बसतो."