मनीप्लांटला चढू द्यावे

आमच्या कोथरूडच्या घरात, टीव्हीशेजारच्या काचेच्या बाटलीत, मनीप्लांटचा एक वेल जवळजवळ दहा वर्षे होता. त्याची पाने पहिल्या वर्षी जेवढी होती तेवढीच दहाव्या वर्षीही होती, किंबहुना विड्याच्या पानापेक्षा थोडी लहानच झाली होती. दोन पानांमधले अंतर मात्र वाढत गेले आणि शेवटी फरशीपर्यंत लोंबणाऱ्या त्या वेलावर मोजून नऊ पाने उरली. पाणी बदलत होतो, पाने पुसत होतो, आणि वेल जिवंत आहे एवढ्यावर आम्ही समाधानी होतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात गुहागरजवळच्या आजोळी गेले असताना परसातल्या फणसाच्या खोडावर मी एक वेल पाहिला. त्याचे पान सुपाएवढे होते आणि वाऱ्याने केळीचे पान फाटावे तसे ते कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरलेले होते. हा कोणता वेल, असे मी मामांना विचारले, तेव्हा त्यांनी तो मनीप्लांट असल्याचे सांगितले. माझा विश्वास बसेना. मग त्यांनी मला खोडाच्या बुंध्याशी नेऊन वेलाचा खालचा भाग दाखवला, आणि तिथे खरोखरच आमच्या बाटलीतल्यासारखी लहान, अखंड, पिवळे शिंतोडे असलेली पाने होती. जसजसा वेल वर गेला होता तसतसे त्याचे पान मोठे होत गेले होते. मामांच्या सुपारीच्या बागेत मिरीचे वेल आहेत आणि पावसाच्या तोंडावर कोवळे शेंडे केळीच्या सोपटाने सुपारीला बांधण्याचे काम ते दरवर्षी करतात. ते म्हणाले, “अगं, मिरीला जे लागतं तेच ह्याला लागतं. चिकटायला ओलं खोड दे, मग बघ.” मनीप्लांटविषयी आजवर मला मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला आहे.

हा वेल मूळचा आपल्याकडचा नाही. तो प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या मूरिया बेटावरचा आहे. 1880 मध्ये त्याला ‘पोथोस ऑरियस’ असे शास्त्रीय नाव मिळाले, पुढे ते अनेकदा बदलले आणि ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे आजचे नाव 1964 मधले आहे. पण पोथोस हे जुने नाव नर्सरीत अजूनही ऐकू येते. नावाचा हा गोंधळ बराचसा फुलांच्या अभावी झाला, कारण वनस्पतीची ओळख पटवण्यात फुलाचे महत्त्व मोठे आणि मनीप्लांटला फूल जवळजवळ येतच नाही. जिबरेलिन हे संप्रेरक तयार करण्यासाठी लागणारे एक जनुक त्याच्यात नीट काम करत नसल्यामुळे असे होते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. फूल नाही म्हणजे बी नाही, आणि म्हणून घरोघरीचे मनीप्लांट कोणाच्या तरी वेलाच्या तुकड्यापासूनच वाढलेले असतात. शेजाऱ्याकडून न विचारता आणलेला मनीप्लांट चांगला लागतो ही आपल्याकडची समजूत मला यामुळेच फार आवडते, कारण तुकड्या-तुकड्याने घरोघर पोहोचणे हाच या वेलाचा पसरण्याचा मार्ग आहे.

पुण्याला परतल्यावर मी बाटलीतल्या वेलाचे तुकडे केले. प्रत्येक तुकड्यावर निदान एक पेर, म्हणजे पान जिथून फुटते ती गाठ, असलेच पाहिजे, कारण मूळ आणि नवा कोंब दोन्ही पेरापाशीच फुटतात. नुसते देठासकट पान पाण्यात ठेवले तर त्याला एखादे वेळी मुळे फुटतीलही, पण वेल होणार नाही. कुंडीसाठी माती, कोकोपीट आणि गांडूळखत साधारण सारख्या प्रमाणात घेतले आणि निचऱ्यासाठी त्यात विटांचे बारीक तुकडे मिसळले.

आधाराच्या बाबतीत मात्र मी चुकले. नर्सरीतून काथ्या गुंडाळलेली तीन फुटांची काठी आणून लावली आणि वेल सुतळीने तिला बांधला. सहा महिने झाले तरी पेरांवरची हवाई मुळे खिळ्याच्या टोकासारखी बाहेर येऊन तशीच सुकत होती. काथ्या दोन तासांत कोरडा होत होता, आणि मामांच्या वाक्यातला ‘ओलं’ हा शब्द मी विसरले होते. मग प्लास्टिकच्या जाळीची पाच फुटांची नळी करून तिच्यात नारळाच्या सोडणांचे भिजवलेले तुकडे ठासून भरले आणि वरच्या टोकाला तळाशी बारीक भोक पाडलेली पाण्याची बाटली उपडी न करता उभी खोचली, म्हणजे थेंबथेंब पाणी दिवसभर खाली झिरपत राहते. तीन आठवड्यांनी मी एक पेर हलकेच ओढून पाहिले, तर ते सुटेना. मूळ जाळीतून आत शिरले होते आणि सोडणाच्या तुकड्याला त्याने पांढऱ्या बारीक धाग्यांनी घट्ट धरले होते. त्यानंतर आलेले प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा मोठे निघाले. आज वरची पाने माझ्या वितीपेक्षा मोठी आहेत आणि देठ करंगळीएवढा जाड झाला आहे. फणसावरच्या पानासारखी चिरलेली पाने अजून आलेली नाहीत, कारण त्यासाठी याहून पुष्कळ अधिक उंची आणि उजेड लागतो.

उजेडाबद्दलही बराच गैरसमज आहे. हा वेल अंधाऱ्या कोपऱ्यात जगतो हे खरे, पण तिथे तो वाढत नाही आणि त्याच्या पानांवरचा पिवळा रंगही कमी होत जातो. आमची कुंडी पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर आहे. तिथे सकाळची तिरीप मिळते आणि दुपारचे ऊन, ज्याने पाने करपतात, पोहोचत नाही.

पाण्याने मात्र माझे एक झाड गेले. जुलैच्या झडीत, हवाच इतकी ओली असताना, मी सवयीप्रमाणे एक दिवसाआड पाणी घालत राहिले. पाने पिवळी पडली तेव्हा पाणी कमी पडते आहे असे समजून आणखी घातले. कुंडी उपडी केली तेव्हा मुळे काळी पडून बुळबुळीत झाली होती आणि त्यांना कुबट वास येत होता. वरचे निरोगी तुकडे तेवढे वाचले. आता मी बोट मातीत दोन पेरांपर्यंत घालून पाहते आणि कोरडे लागले तरच पाणी देते. पहाटे पानाच्या टोकाशी कधी कधी पाण्याचा एक थेंब लोंबताना दिसतो. तो दवाचा नसून मुळांनी रात्री ओढलेले जादा पाणी पान बाहेर टाकत असते. अळूच्या पानावरही असेच दिसते, कारण अळू, सुरण आणि मनीप्लांट एकाच कुळातले आहेत. ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे अळूने घसा खवखवतो त्याच मनीप्लांटच्या पानातही असतात, म्हणून रांगते मूल किंवा मांजर घरात असेल तर वेल त्यांच्या तोंडापासून लांब ठेवावा.

हवा शुद्ध करणारे झाड म्हणून तो विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या दाव्याच्या मुळाशी असलेला नासाचा 1989 चा अहवाल लहान, बंद पेटीतल्या प्रयोगांवर आधारलेला होता. खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढे काम करायला खोली झाडांनी भरून टाकावी लागेल, असे 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या संशोधकांना आढळले.

छाटलेले तुकडे सहलीला जाताना डोंगरात किंवा ओढ्याकाठी टाकू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. श्रीलंकेत हा वेल रानात शिरून तिथल्या झाडांवर पसरला आहे आणि आपल्या सह्याद्रीची हवा त्याला तितकीच मानवणारी आहे.

आमचा वेल या जूनमध्ये नळीच्या टोकाला पोहोचला. आधार संपल्यावर तो खाली लोंबू लागतो आणि पाने पुन्हा लहान होऊ लागतात, म्हणून मी वरचा दोन पेरांचा शेंडा कापला, चीक सुकेपर्यंत तासभर सावलीत ठेवला आणि त्याच कुंडीत, नळीच्या दुसऱ्या बाजूला, पेर ओल्या जाळीला टेकेल असा लावला. कापलेल्या जागेच्या खालच्या पेरावर काल एक हिरवा फुगवटा दिसला आहे.