गाठ नसलेला कॅन्सर

पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये सकाळी डेंग्यू-टायफॉइडचीच रांग असते. त्यातच एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची तपासणी, आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘पोट गच्च, अशक्तपणा’ एवढंच. पांढऱ्या पेशींच्या जागी मशीनने आकडाच दिला नाही, नुसत्या रेघा. रक्त पातळ करून पुन्हा लावलं, तर 2 लाख 80 हजार! निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात 4 ते 11 हजार असतात.

स्लाइड करून रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवली. एरवी लाल पेशी आणि पिवळसर प्लाझ्मा यांच्यामध्ये पांढरी रेघ दिसली न दिसली अशी असते. इथे तापलेल्या दुधावर साय धरावी तसा राखाडी-पांढरा थर.

लिशमन स्टेनने, म्हणजे पेशी रंगवणाऱ्या द्रावणाने, रंगवलेली स्लाइड ऑइल लेन्सखाली घेतली. मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड... ज्यांनी अस्थिमज्जेत राहून पिकायचं, त्या कच्च्या पेशी रक्तात दाटीवाटीने उभ्या. जंतुसंसर्गातही पेशी वाढतात, पण मला खटकले ते बेसोफिल, पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. शंभरात एखादा सापडायचा, तो इथे जिथे बघावं तिथे. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी डोळा लावला आणि पहिला प्रश्न केला, “प्लीहा तपासलीय का कुणी?” लगेच त्यांनी फिजिशियनना फोन लावला.

ड्रायव्हर बाहेर बाकावरच होता. “ताई, ॲसिडिटीच ना? दोन घास खाल्ले की पोट भरतंय.” रोगाचं नाव सांगणं माझं काम नाही, डॉक्टर बोलतील म्हटलं.

दुपारी तपासलं तर डाव्या बरगडीखालची प्लीहा बेंबीपर्यंत उतरलेली, जठराला दाबून बसलेली. हाताला एरवी ती लागतही नाही. कॅन्सर म्हटलं की आपले लोक गाठ चाचपतात. इथे चाचपायला गाठच नव्हती.

पुढे जनुकीय तपासणीत पक्कं झालं, सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि मज्जेला ‘पेशी बनव’ हा हुकूम सुटतच राहतो. त्यात आखूड झालेलं 22 क्रमांकाचं गुणसूत्र 1960 साली फिलाडेल्फियात दिसलं. तो हुकूमच रोखणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत 2001 साली मंजूर झाली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून आपल्याकडे ती जेनेरिक मिळते. माझ्या मते ड्रायव्हरच्या पगारात हाच निकाल सगळ्यात मोठा.

गोळी रोज घ्यावी लागते. आता सॅम्पल द्यायला येतो तेव्हा त्याची तक्रार पायात गोळे येतात ही असते, पोटाची नाही.