डावा डोळा, साडीचं दुकान आणि बोटॉक्स

सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या एका साडीच्या दुकानात मी बावीस वर्षं सेल्समन आहे. गादीवर बसून दिवसभर साड्या उलगडायच्या. समोर बायका, कुणी मराठीत भाव करणार, कुणी तेलुगूत, कुणी कन्नडमध्ये. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून बोलायचं, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी माझा डावा डोळाच दगा द्यायला लागला.

सुरुवातीला नुसती खालची पापणी लवायची. पुरुषाचा डावा डोळा लवणं चांगलं नाही म्हणून आईने पापणीवर गवताची काडी चिकटवली, सिद्धेश्वराला नारळ फोडून यायला सांगितलं. जाऊन आलो. पण सहा महिन्यांत पापणीवरचं पूर्ण डोळ्यावर आलं, मग गालावर, मग ओठाचा डावा कोपरा वर ओढला जायला लागला. दिवसातून कितीतरी वेळा, आणि कुणाशी बोलताना तर हमखास.

एका दुपारी एक बाई लेकीच्या लग्नाचा बस्ता काढायला आल्या होत्या. मी इरकल दाखवत होतो. बाई मधूनच उठल्या आणि काउंटरवर मालकांना म्हणाल्या, "तुमचा माणूस डोळे मारतोय." त्यांच्या जागी माझी बहीण असती तर तिनेही हेच केलं असतं, त्यामुळे त्यांचा राग मी धरला नाही. वाईट वाटलं ते मालकांचं. इतकी वर्षं ओळखणाऱ्या माणसाने मला एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी गोडाऊनला, घड्या घालायला.

मग डॉक्टर सुरू झाले. एकांनी डोळ्यात टाकायचे थेंब दिले, एकांनी चष्म्याचा नंबर बदलला, एकांनी बी-१२ च्या गोळ्या लिहिल्या, आणि सगळ्यांनी सांगितलं, टेन्शन घेऊ नका. यात दीड वर्ष गेलं. टेन्शनने वाढतं हे खरं होतं, पण मूळ कुठे आहे हे कुणी बघितलं नव्हतं.

वाट बायकोमुळे सापडली. एका रात्री तिने मला उठवून सांगितलं, "अहो, तुम्ही गाढ झोपलात तरी गाल उडतोय." सात रस्त्याकडच्या मेंदूविकार तज्ज्ञांपुढे बसलो तेव्हा त्यांचा दुसराच प्रश्न होता, झोपेत होतं का? बायकोने सांगितल्यावर त्यांनी मला डोळे घट्ट मिटून उघडायला लावले. लगेच डावी बाजू उडायला लागली. ते म्हणाले, हा हेमिफेशियल स्पाझम, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूचे झटके. चेहऱ्याची नस मेंदूतून बाहेर पडते तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला खेटलेली असते, ठोक्यागणिक घासत राहते, आणि नस भलतेच संदेश पाठवायला लागते. एमआरआयमध्ये तेच दिसलं. ट्यूमर नव्हता, हे ऐकून बायको तिथेच रडली.

उपाय दोन. एक ऑपरेशन, कवटीला छोटं भोक पाडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवायचा. त्याने कायमचं बरं होऊ शकतं, पण त्या बाजूचं ऐकू येणं जाण्याचा धोका असतो. दुसरा उपाय, दर तीन-चार महिन्यांनी बोटॉक्सचं इंजेक्शन.

बोटॉक्स म्हटल्यावर घरात सगळे गप्प झाले. आई म्हणाली, ते नट्या घेतात ते? मेव्हण्याने फोन करून सांगितलं, ते विष असतं, नको त्या भानगडीत पडू. मीही घाबरलो आणि चार महिने पुढे ढकललं. हे लिहायला बसलो ते त्या चार महिन्यांसाठी.

ते विष आहे, हे खरंच आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचं. बिघडलेल्या मांसातून, नीट न शिजवता डबाबंद केलेल्या अन्नातून ते पोटात गेलं तर माणसाचे स्नायू एकेक करून लुळे पडतात, श्वाससुद्धा थांबतो. बेल्जियममध्ये १८९५ साली बिघडलेलं हॅम खाऊन एका बँडचे वादक आजारी पडले, त्यावरून व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने हा जिवाणू शोधला. पण स्नायू लुळा पाडण्याचा हाच गुण अॅलन स्कॉट या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने तिरळ्या डोळ्यांसाठी वापरला, अगदी कणभर मात्रेत. अमेरिकेत डिसेंबर १९८९ मध्ये त्याला परवानगी मिळाली ती तिरळेपणा, पापण्यांचे झटके आणि माझ्यासारख्या चेहऱ्याच्या झटक्यांसाठी. सुरकुत्यांसाठीची परवानगी २००२ ची. ती वाटही आमच्यासारख्या पेशंटमधूनच निघाली. कॅनडात जीन कॅरदर्स या नेत्रतज्ज्ञ पापण्यांच्या झटक्यांवर हे इंजेक्शन देत होत्या, तेव्हा भुवयांमधल्या आठ्या गेल्याचं एका पेशंटच्याच बोलण्यातून त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर लिहिलं. म्हणजे आमचं औषध नट्यांनी घेतलं. आईला हे असंच सांगितलं, तेव्हा ती तयार झाली.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार होते. अर्धांगवायूनंतर त्यांची उजवी मूठ आवळून बसली होती. इतकी, की नखं तळहातात रुतायची आणि आतली कातडी ओली राहून वास यायचा. त्यांच्या घरच्या अक्का रोज पातळ फडकं बोटांच्या फटीतून आत घालून पुसायच्या. मागच्या इंजेक्शननंतर मूठ सैल झाली आणि वर्षभराने नीट नखं कापता आली, हे त्या मला तेलुगूत सांगत होत्या. हाताने काम होईल अशी त्यांची अपेक्षाच नव्हती, नखं कापता आली हेच खूप होतं. पलीकडे टाचा टेकत नसलेला एक लहान मुलगा होता, एक बाई होत्या ज्यांची मान आपोआप उजवीकडे वळायची. सुंदर दिसायला आलेलं त्या बाकावर कुणी नव्हतं.

आत डॉक्टरांनी फ्रिजमधून बाटली काढून दाखवली. मला ती रिकामीच वाटली. तळाशी पांढरट पापुद्रा, तेवढंच औषध. त्यात त्यांनी सलाइन सोडलं, बाटली न हलवता हळूच फिरवली, इन्सुलिनच्या असते तसल्या बारीक सुईत भरलं. पेनने डोळ्याभोवती आणि गालावर ठिपके काढले, बर्फ लावला, आणि एकेका ठिपक्यावर टोचलं. पापणीजवळचं टोचणं झोंबतं, डोळ्यातून पाणी येतं. पाच मिनिटांत संपलं. तिथे चोळायचं नाही आणि चार तास आडवं व्हायचं नाही एवढंच सांगितलं.

लगेच काहीच झालं नाही. पहिले दोन दिवस तर पैसे पाण्यात गेले असं वाटलं, कारण बाटली आणि फी मिळून अर्धा पगार गेला होता. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना आरशात बघत राहिलो. गाल शांत होता. स्नायूला हुकूम पोचवणारं रसायन नसेच्या टोकातून बाहेर पडणं हे औषध थांबवतं. नसेला नवे धुमारे फुटतात आणि काही महिन्यांनी जुनं टोकही चालू होतं, म्हणून झटके परत येतात. मूळ दुखणं जात नाही, हे मी मनाशी मान्य केलंय.

पहिल्या वेळी त्रासही झाला. डावा डोळा रात्री पूर्ण मिटेना, थेंब घालून पापणीला कागदी टेप लावून झोपायचो. चहा पिताना डाव्या कोपऱ्यातून ओघळायचा. तीन-चार आठवड्यांत ते कमी झालं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी गालातली मात्रा घटवली आणि चहा ओघळणं थांबलं. म्हणून मी छोट्या वहीत लिहून ठेवतो, कोणत्या तारखेला कुठे किती युनिट, कोणत्या कंपनीचं, कधी सुरू झालं, कधी उतरलं. एका कंपनीचं युनिट दुसरीच्या युनिटाबरोबर सारखं धरायचं नसतं, त्यामुळे कंपनी लिहिणं महत्त्वाचं. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठायचा, आणि दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक इंजेक्शन दिलं तर आधी बोटॉक्सचं सांगायचं, हेही पहिल्या पानावर लिहिलंय.

विम्याचा अनुभव कडू आहे. कंपनीने "सौंदर्य उपचार" म्हणून क्लेम परत पाठवला. डॉक्टरांनी आजाराचं नाव, एमआरआयचा रिपोर्ट आणि हे उपचार का, असं सविस्तर पत्र दिलं. दुसऱ्यांदा कारण बदललं, भरती न होता घेतलेला उपचार बसत नाही म्हणे. निदान सौंदर्याचा शिक्का तरी पुसला गेला. पॉलिसी घेताना हे कलम मी वाचायला हवं होतं.

गेल्या मार्चमध्ये भाचीच्या लग्नाआधी पार्लरमध्ये कपाळाला स्वस्तात बोटॉक्स करून घ्यायचं चाललं होतं. मी तिला इंजेक्शन घेऊ नको म्हटलं नाही. कपाळाच्या आठ्यांसाठी घेण्यात वाईट काही नाही, तिचं कपाळ आहे. पण बाटली तुझ्यासमोर उघडणार का, ती फ्रिजमध्ये ठेवलेली असते का, टोचणारा डॉक्टर आहे का, एवढं विचारून ये म्हटलं. तिथे कुणाला उत्तर देता आलं नाही. भाची त्वचारोगतज्ज्ञांकडे गेली, त्यांनी तिला अजून गरज नाही म्हणून परत पाठवलं.

दुसऱ्या इंजेक्शननंतर मी डॉक्टरांचं पत्र घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. सोमवारपासून गादीवर बसा की, म्हणाले. आता सहा वेळा झालंय. तीन महिने व्हायच्या आत डॉक्टर देत नाहीत, त्यामुळे पुढची तारीख ऐन गड्ड्याच्या जत्रेत येते, संक्रांतीची सगळ्यात मोठी गर्दी. त्याआधीचे आठ-दहा दिवस पापणी परत लवायला लागलेली असते. मालकांना आत्ताच सांगून ठेवलंय. त्या दिवसांत मी बायकांच्या गादीवर न बसता धोतरं-टॉवेलच्या बाजूला बसेन, आणि कुणी विचारलंच तर आजाराचं नाव सांगेन.