हाक मारली नाही

मंगळवार, रात्र

आज पहाटे सासरचे सगळे द्राक्षबागेत गेले आणि मला कुणी हाक मारली नाही. एवढंच झालं. पण दिवसभर बँकेच्या काउंटरवर, डबा खाताना, येताना बसमध्ये तेच डोक्यात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

मी जागीच होते. शाल, वरून गोधडी, पायात मोजे, आणि पुढ्यात बँकेच्या परीक्षेचं रुरल बँकिंगचं पुस्तक. बोटं इतकी आखडली होती की पान उलटायला दोनदा चिमटीत धरावं लागत होतं. दादांच्या बॅटरीचा झोत खिडकीवरून गेला. मग ताईंच्या चपला वाजल्या, कुणीतरी डिझेलचा कॅन उचलला. मला वाटलं, आता दार वाजेल. वाजलं नाही. उलट बाहेरच्या दाराची कडी अगदी हळू, आवाज होऊ नये अशी सरकवली. तसं हळू सरकवणंच मला जास्त लागलं.

निफाडला थंडी काही नवी नाही. 2018 च्या डिसेंबरात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. लग्नानंतरचा माझा तो पहिलाच हिवाळा. तेव्हा मला उठवलं होतं, आणि ओळींच्या मधे शेकोट्या कशा लावायच्या ते दादांनी अंधारातच शिकवलं होतं. जाळ होऊ द्यायचा नाही, नाहीतर पानं होरपळतात आणि ऊब वर निघून जाते. छाटणीची काडी खाली, त्यावर ओलसर पाला. मग धूर बागेवर पांघरुणासारखा बसून राहतो. रात्रीची थ्री फेज वीज असली की ठिबकही सोडायचं. विहिरीचं पाणी कोमट असतं, मुळांना तेवढाच आधार. मण्यात पाणी उतरायच्या दिवसांत अशी थंडी पडली की साल तडकते, आणि तडकलेला मणी व्यापारी हातातही धरत नाही.

हे सगळं मला येतं. तरी आज मी आत होते.

नैसर्गिक आपत्तीनंतर कर्जाची पुनर्रचना, हाच भाग वाचत होते. दुष्काळ, पूर, गारपीट यांच्या यादीत शीतलहरही आहे. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असलं तर हप्ते पुढे नेता येतात. 2015 पर्यंत ही अट 50 टक्क्यांची होती. म्हणजे 30 टक्के घड गेले तर त्या नियमात शेतकऱ्यासाठी काही नाही. आणि रात्र रात्र जागून ज्याने नुकसान 30 वर रोखून धरलं, त्याच्या जागरणाचा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. हे मला फार अन्यायाचं वाटतं. पेपरात अर्थात 33 वर टिक करायची.

मला जपलं की बाजूला काढलं? दोन्ही एकदमच होत असेल का? परीक्षेचे पाच पेपर आहेत; प्रत्येकात 50 हवेत, किंवा सगळे एका दमात दिले तर प्रत्येकी 45 आणि सरासरी 50. ते सुटले की पुढे प्रमोशन. प्रमोशन म्हटलं की बदली. त्याबद्दल घरात अजून कुणी बोललेलं नाही. मीही नाही. ह्यांना विचारावं म्हटलं तर... जाऊ दे.

दुपारपर्यंत मला स्वतःचीच कीव येत होती. पगार आणते म्हणून पाहुणी झाले, इथवर मजल गेली होती. संध्याकाळी भाकऱ्या करताना ताईंची नखं दिसली, काजळीने काळी. डोळे धुराने अजून लाल. रात्रीच्या झोपेवर पाणी सोडून त्या बाईने शेकोट्या राखल्या आणि सकाळी माझाही डबा भरला. त्यांना विचारलंच शेवटी, मला का नाही उठवलं? त्या पीठ मळता मळता म्हणाल्या, "मी येतच होते तुझ्याकडं. दादा म्हणाले, लाइट चालू आहे तिची, राहू द्या. आपल्याच कामाला बसलीय ती."

आपल्याच. ऐकून बरं वाटलं. पूर्ण नाही, पण बरंच. दार वाजलं असतं तर मी पुस्तक मिटून गेले असते आणि दादांना ते ठाऊक होतं. तरी एकदा विचारायला हवं होतं असं अजूनही वाटतं. वाटू दे. तेवढी टोचणी घेऊनही वाचता येईल.

रविवारी नाशिकला पेपर आहे. सोमवारी पहाटे मी येणार म्हणून ताईंना सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत कशाला राहायला पाहिजे ही थंडी?" खरंच, नकोच राहायला.